पेशंटला सोबत घेऊन थेरपी कशी करायची: ऑक्युपेशनल थेरपीत नव्याने आलेल्यांसाठी

ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे आजार किंवा इजेनंतर रोजची कामं परत जमावीत यासाठीच्या उपचारांच्या, इंटर्नशिपला लागलात की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य कानावर पडायला लागतं, "मॅडम, तुम्ही सांगाल तसं." पेशंट म्हणतो, पेशंटचा मुलगा म्हणतो, सूनबाई म्हणतात. आपल्यालाही बरं वाटतं, चला, ऐकणारा पेशंट मिळाला. मग आपण फाईलवर गोल, म्हणजे उपचाराचं ध्येय, लिहितो, पेग बोर्ड (भोकांत खुंट्या बसवायचा बोर्ड) काढतो, खांद्याचे चार एक्सरसाइज देतो, आणि थोड्याच दिवसांत तोच ऐकणारा पेशंट यायचा बंद होतो. फोन केला तर "येतो येतो" म्हणतात पण येत नाहीत.

हा लेख त्या वाक्याच्या पुढे कसं जायचं यावर आहे. माझं स्पष्ट मत आहे की "तुम्ही सांगाल तसं" म्हणणाऱ्या माणसाला उत्तर देता येईल असा प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नसतो. आयुष्यभर दवाखान्यात त्याला फक्त "कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय" एवढंच विचारलंय, आणि अचानक आपण म्हणतो "तुमचा गोल काय?" तर तो बिचारा काय सांगणार.

थोडी पार्श्वभूमी, कारण व्हायव्हाला विचारतात आणि माहीत असायलाही हवी. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचा कोर्स १९५० मध्ये मुंबईत केईएम हॉस्पिटलला कमला निंबकर यांनी सुरू केला. पेशंटला केंद्रस्थानी ठेवायचा विचार मानसोपचारात कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकापासून मांडला, आणि ऑक्युपेशनल थेरपीत तो ठामपणे आणला कॅनडाच्या लोकांनी. १९८३ मध्ये त्यांनी त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १९९१ मध्ये मेरी लॉ आणि सहकाऱ्यांनी कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर आणलं, ज्याला आपण सगळे सीओपीएम म्हणतो. कॉलेजात हे फॉर्म म्हणून शिकवतात, पाच मार्कांची टीप लिहितो आणि विसरतो. पण फॉर्मच्या मागे जी बोलण्याची पद्धत आहे ती रोज वापरता येते, गर्दीच्या ओपीडीतसुद्धा.

स्टेप १: खुर्च्या बघा

साधी वाटते पण इथूनच सुरुवात करा. आपल्याकडे पेशंट एकटा कधी येत नाही, निदान एक नातेवाईक असतोच आणि टेबलासमोरच्या खुर्चीत तोच बसतो, पेशंट बाजूला व्हीलचेअरवर किंवा मागे बाकावर. मग प्रश्न आपोआप नातेवाइकाला जातात, "हे जेवतात का नीट? झोपतात का?" आणि पेशंट स्वतःबद्दलचं बोलणं तिसऱ्याच माणसासारखा ऐकत बसतो.

म्हणून आधी पेशंटला समोर घ्या, तुमच्या डोळ्यांच्या पातळीला. नातेवाइकांना शेजारी बसवा, बाहेर काढू नका, त्यांची गरज पुढे खूप लागणार आहे. पहिला प्रश्न पेशंटला नावाने किंवा नात्याने हाक मारून विचारा, "काका, इथपर्यंत आलात कसे आज?" मुलगा मध्येच उत्तर देईल, देऊ द्या, मग शांतपणे परत पेशंटकडे वळा, "काकांकडून ऐकते, मग तुम्ही सांगा." दोन-तीनदा असं झालं की घरच्यांना कळतं इथली पद्धत काय आहे, वेगळं सांगावं लागत नाही.

आणि आपण कोण ते दोन वाक्यांत सांगा. बहुतेकांना आपण मालिशवाले किंवा व्यायामवाले वाटतो. मी असं सांगते, "हात मोकळा करणं हे माझं काम आहेच, पण हात मोकळा करून तुम्हाला रोजचं कुठलं काम करायचंय ते आधी ठरवू, आणि ते ठरवणार तुम्ही."

स्टेप २: गोल विचारू नका, कालचा दिवस विचारा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे म्हणून इथे जरा थांबते.

"तुम्हाला काय करता आलं पाहिजे असं वाटतं?" या प्रश्नाला नव्वद टक्के वेळा एकच उत्तर येतं, "हात बरा झाला पाहिजे," किंवा "पहिल्यासारखं झालं पाहिजे." ते उत्तर खरं आहे पण त्यावरून सेशन आखता येत नाही. त्यापेक्षा म्हणा, "काल सकाळी उठल्यापासून सांगा, आधी काय केलं?" उठले, मग? तोंड धुतलं, कोणी धुवून दिलं की स्वतः? चहा कुठे घेतला, कप कोणी धरला? संडासला कुठे गेलात, भारतीय पद्धतीचा आहे की कमोड, पाणी कोणी घेतलं? अंघोळ, कपडे, साडी असेल तर निऱ्या कोणी घातल्या? दुपारी वेळ कसा गेला, कोण आलं, कोणाचा फोन आला, टीव्हीवर काय बघितलं? संध्याकाळी देवापुढे दिवा कोण लावतं?

असं दिवसावरून चालत गेलं की कुठेतरी माणूस अडखळतो, आवाज बदलतो, किंवा पटकन पुढे सरकतो. तिथे थांबायचं.

एक रिटायर्ड गुरुजी, प्राथमिक शाळेतले, उजव्या बाजूचा लकवा, बोलणं चांगलं. रेफरलवर लिहिलेलं, हँड फंक्शन सुधारणे. मुलगा म्हणत होता जेवण स्वतः जेवले पाहिजेत. गुरुजी आपले "हो, बरोबर आहे" म्हणत होते. दिवस विचारता विचारता महिन्याची एक तारीख आली, पेन्शनची. तिथे ते म्हणाले "बँकेत मुलगा जातो" आणि गप्प बसले. मी पण गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना अक्षर शिकवलं, आता अंगठा लावतो मी." सही जुळत नाही म्हणून बँकेत अंगठा, आणि अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात, म्हणजे दर वेळी दोन माणसं गोळा करायची, त्यांच्या सवडीने जायचं, आणि सगळ्यांसमोर शाई लावायची. जेवणाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं, घरात सून प्रेमाने भरवत होती. त्यांना सही पाहिजे होती.

आता बघा, सही आणि जेवण दोन्हीला पकड लागते, मनगट स्थिर लागतं, खांदा लागतो. क्लिनिकली तुमचं काम फार बदलत नाही. पण ज्या माणसाला पेग बोर्डवर दहा मिनिटांत कंटाळा यायचा तो चार रेघी वही घेऊन अर्धा तास बसायला लागला, आणि घरून वही भरून आणायला लागला.

या पायरीवर नवीन लोकांना दोन अडचणी येतात. एक म्हणजे शांतता सहन होत नाही. पेशंट गप्प झाला की आपण घाईघाईने पर्याय सुचवतो, "जेवायचं का? कपडे घालायचे का?" आणि तो त्यातलाच एक उचलतो, परत तुमचाच गोल. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. दुसरी, पेशंट खरंच काही सांगत नाही, "आता काय राहिलंय आमचं, या वयात काय करायचंय." अशा वेळी खोदू नका. दोन ठोस गोष्टी समोर ठेवा, "आज वेणी घालायची बघूया की पाण्याचा तांब्या उचलायचं बघूया?" दोनातून एक निवडणं कोणालाही जमतं, आणि चार सेशन असं निवडायची सवय लागली की पाचव्याला तो माणूस तिसरंच काहीतरी स्वतःहून सांगतो. ज्याला निवडायची सवयच नाही त्याला आधी छोटी निवड करू द्यावी लागते. घरातल्या बायकांच्या बाबतीत तर हे फारच दिसतं, स्वतःला काय हवंय हे त्यांना कोणी वर्षानुवर्षं विचारलेलं नसतं.

स्टेप ३: किती महत्त्वाचं, किती जमतं, किती समाधान

सीओपीएममध्ये स्वतःची काळजी, कामधंदा आणि फावला वेळ अशा तीन भागांत अडचणी काढतात. प्रत्येक अडचण पेशंटला किती महत्त्वाची वाटते त्याला तो १ ते १० मध्ये आकडा देतो. त्यातल्या जास्तीत जास्त पाच निवडायच्या. मग त्या प्रत्येकीला परत दोन आकडे, सध्या किती जमतंय आणि त्याबद्दल किती समाधान आहे. काही आठवड्यांनी हेच दोन आकडे परत विचारायचे. सरासरीत २ किंवा जास्त फरक पडला तर तो बदल अर्थपूर्ण मानतात.

फॉर्म कॉपीराइटचा आहे, विकत घ्यावा लागतो. तुमच्या डिपार्टमेंटला नसेल तर वरची बोलण्याची पद्धत वापराच, पण केसपेपरवर सीओपीएम स्कोअर असं लिहू नका, "पेशंटचं स्वतःचं रेटिंग" असं लिहा. हे प्रामाणिकपणाचं आहे.

आकडे न वापरणाऱ्या माणसाला १ ते १० कसं समजवायचं? मी दहा चिंचोके ठेवते टेबलावर. "आजी, आत्ता साडी नेसायला जमतंय ते यातलं किती? सगळे म्हणजे पूर्ण जमतं, एक म्हणजे जवळजवळ नाहीच." आजी चिंचोके सरकवतात, आणि सरकवताना बोलतात, ते बोलणं आकड्यापेक्षा मोलाचं असतं. "तीन ठेवते, पण सून नसली घरात तर पाच जमतं मला," असं कोणी म्हणालं तर तुम्हाला अख्ख्या घराचं असेसमेंट मिळालं. शिवाय चिंचोके उचलताना पिंच, म्हणजे चिमटीची पकडही बघून होते.

जमतं आणि समाधान हे दोन आकडे वेगळे का विचारायचे हे नीट समजून घ्या. एखाद्या बाईंना अंघोळीचं ३ जमतंय आणि समाधान ८ आहे, म्हणजे लेक अंघोळ घालते आणि त्यांना ते चालतं. तिथे तुम्ही "इंडिपेंडंट झालंच पाहिजे" म्हणून आठवडे घालवू नका. आपल्या घरांत एकमेकांचं करण्यात कमीपणा नसतो, सगळंच स्वतःचं स्वतः केलं पाहिजे ही कल्पना आपल्यावर पुस्तकांतून आलीय. जपानमध्ये मायकेल इवामा आणि त्यांच्यासोबतच्या थेरपिस्टनी याच अस्वस्थतेतून कावा, म्हणजे आयुष्याला नदी मानून बघणारं, मॉडेल उभं केलं, जमल्यास वाचा.

स्टेप ४: गोल त्यांच्या भाषेत लिहा

केसपेपरवर पहिली ओळ पेशंटच्या शब्दांत, अवतरणात. "मला बँकेत स्वतः सही करायचीय." खाली तुमची क्लिनिकल भाषा, ट्रायपॉड ग्रास्प (तीन बोटांची पकड), रिस्ट एक्सटेन्शन (मनगट मागे वळवणं), जे काय असेल ते. उलटं नको. सिनियर विचारतील हे काय लिहिलंय, तर खालची ओळ दाखवा.

मग गोलचे टप्पे पाडा. यासाठी गोल अटेनमेंट स्केलिंग छान आहे, १९६८ मध्ये किरेसुक आणि शर्मन यांनी मानसिक आरोग्य सेवांसाठी काढलं आणि नंतर रिहॅबमध्ये सगळीकडे पसरलं. पाच पायऱ्या, उणे २ ते अधिक २, मध्ये शून्य म्हणजे अपेक्षित यश. गुरुजींचं असं केलं होतं: उणे २ म्हणजे आजची स्थिती, जाड केलेलं पेन धरता येतं पण रेघ भरकटते. उणे १, चार रेघी वहीत नाव मोठ्या अक्षरात वाचता येईल असं. शून्य, टेबलाशी बसून कोऱ्या कागदावर पूर्ण सही, तीनदा केली तर तिन्ही सारख्या दिसतील अशी. अधिक १, पैसे काढायच्या स्लिपवरच्या छोट्या जागेत. अधिक २, बँकेच्या काउंटरला उभं राहून, मागे रांग असताना.

या पायऱ्या पेशंटसोबत बसून पाडायच्या, तुम्ही घरी लिहून आणायच्या नाहीत. रांगेची गोष्ट गुरुजींनी सांगितली, मला सुचली नसती. मागे माणसं उभी असली की हात थरथरतो, म्हणून शेवटी आम्ही डिपार्टमेंटमध्ये दोन इंटर्न मागे उभे करून प्रॅक्टिस केली.

स्टेप ५: सेशनमध्ये पेशंटला विचार करू द्या

गोल एकत्र ठरवला आणि सेशन मात्र "हे करा, आता ते करा, दहा वेळा" असं चाललं तर भागीदारी पहिल्या दिवसापुरतीच राहिली. प्रत्येक सेशनला निदान दोन निर्णय पेशंटचे असू द्या, कशाने सुरुवात करायची, बसून की उभं राहून, किती वेळा केल्यावर थांबायचं.

मुलांसोबत काम करणाऱ्यांनी को-ऑप ही पद्धत शिकून घ्याच, कॅनडात हेलेन पोलाटायको यांनी विकसित केलेली, हालचालींच्या समन्वयात अडचण असलेल्या मुलांसाठी. चार शब्द आहेत, गोल, प्लॅन, डू, चेक. मूल ठरवतं काय करायचं, मूलच सुचवतं कसं करूया, करून बघतं, आणि मूलच तपासतं जमलं का. आपण प्रश्न विचारायचे, उत्तर तोंडातून निसटू द्यायचं नाही.

उदाहरणार्थ दुसरी-तिसरीतला मुलगा, आई म्हणते अक्षर सुधारायचंय, मुलाला विचारलं तर म्हणतो डबा उघडायचाय. शाळेत मधल्या सुट्टीत स्टीलचा घट्ट डबा उघडत नाही, बाईंना सांगावं लागतं, पोरं हसतात. घ्या डबा. "कसा उघडूया?" तो सांगतो, जोरात ओढायचा. करून बघ. डबा सटकला. "काय झालं?" सटकला. "मग का सटकला असेल?" बऱ्याच वेळाने सांगतो, दुसऱ्या हाताने धरलाच नव्हता. मग पोटाशी धरून बघतो, मग मांडीत, मग बाकाच्या कोपऱ्यात. तुम्हाला पहिल्या मिनिटाला माहीत असतं की कडेला अंगठा लावून फिरवत उचलायचं, आणि गप्प राहणं फार अवघड जातं. पण त्याने शोधलेली युक्ती तो उद्या पाण्याच्या बाटलीवर वापरतो, तुम्ही सांगितलेली नाही वापरत. आणि आईला शेजारी बसवून हे बघू द्या. अक्षराचा गोल सोडायचा नाही, दुसऱ्या नंबरवर ठेवायचा, आईला तसं सांगायचं.

मोठ्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून. उजवा हात गेलेल्या पेशंटला आपण पटकन डाव्या हाताने जेवायला शिकवतो, ट्रेनिंगमध्ये एकहाती तंत्रं शिकवलेली असतात ना. पण डाव्या हाताने जेवणं अनेकांना, खास करून वयस्कर मंडळींना, मनापासून नको असतं. ते तोंडावर नाही म्हणत नाहीत, ते फक्त पाहुण्यांसमोर जेवायला बसत नाहीत, लग्नकार्याला जाणं टाळतात, भूक नाही म्हणतात. म्हणून आधी विचारा. युनिव्हर्सल कफमध्ये, म्हणजे तळहाताला बांधायच्या पट्ट्यात, चमचा अडकवून उजव्याच हाताने जेवण चालेल का, की घरात डावा आणि चारचौघांत उजवा, की कोणीतरी भरवलेलं जास्त बरं. तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात.

स्टेप ६: होम प्रोग्राम वाटाघाटी करून ठरवा

झेरॉक्स केलेला दहा व्यायामांचा कागद देऊ नका, हात जोडून सांगते. तो कागद एक्सरे च्या पाकिटात जातो आणि तिथेच राहतो.

कडबा कुट्टीत हात सापडलेला एक शेतकरी दादा, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) रिपेअर झालेली, स्प्लिंट (हात एका स्थितीत धरून ठेवणारा आधार) दिलं होतं, घालत नव्हता. "का घातलं नाही?" असं विचारलं की माणूस आरोपी होतो आणि "घालतो की" असं खोटं बोलतो. त्याऐवजी विचारलं, "दिवसातून कुठल्या कुठल्या कामाला स्प्लिंट काढावंच लागतं?" मग भडाभडा सांगितलं, पहाटे धार काढायला, जनावरांना पाणी पाजायला, ओलं झालं की आत खाज सुटते, आणि दुपारी पत्र्याखाली घाम येतो. खरी अडचण ही होती. दूध काढायला त्याच्याशिवाय घरात कोणी नव्हतं, म्हणजे "घालायचंच" म्हणून काही होणार नव्हतं.

मग सौदा केला. कुठल्या आठवड्यापर्यंत काढलं तर टेंडन तुटू शकतो हे चित्र काढून दाखवलं, तेवढे दिवस धारेसाठी शेजारच्या भावकीतल्या मुलाला सांगायचं, हे त्यानेच सुचवलं. आत सुती कापडाचं अस्तर, रोज बदलायचं. आणि तो टप्पा सर्जनच्या परवानगीने ओलांडल्यावर स्प्लिंट फक्त रात्री आणि जड कामाला. इथे एक लक्षात ठेवा, टिश्यू भरायला जेवढा काळ लागतो तो वाटाघाटीचा विषय नाही. ते स्पष्ट, ठामपणे सांगायचं आणि कारणासकट सांगायचं. बाकी कसं, केव्हा, कोणाच्या मदतीने, हे सगळं त्याचं.

होम प्रोग्राम दोन, फार तर तीन गोष्टींचा ठेवा आणि रोजच्या कशाला तरी बांधा. "दिवसातून तीन वेळा" म्हणू नका, "सकाळच्या चहाआधी, दुपारच्या मालिकेच्या ब्रेकमध्ये" असं म्हणा, आणि ती वेळ पेशंटनेच सांगू दे. शेवटी त्यांनाच करून दाखवायला सांगा, पण "समजलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर काकूंना हे कसं समजावून सांगाल, मला काकू समजून सांगा." चुकलं तर आपलं सांगणं कमी पडलं असं धरून पुन्हा सांगा. मोबाईलवर त्यांचाच करतानाचा व्हिडिओ त्यांच्याच फोनमध्ये काढून द्या, तो लोक खरंच बघतात.

स्टेप ७: घरचे आणि पेशंट यांचं पटत नसेल तेव्हा

हे होणारच. मुलाला वाटतं वडिलांनी आराम करावा, वडिलांना दुकानात बसायचंय. सुनेला वाटतं सासूबाईंनी स्वयंपाकघरात येऊ नये, पडल्या तर? आणि सासूबाईंना वरण फोडणीला टाकायचंय.

बाजू घेऊ नका. दोघांची भीती वेगवेगळी ऐका, शक्य असेल तर वेगवेगळी. सुनेची भीती बहुतेक वेळा खरी असते, रात्री-अपरात्री पडल्या तर उचलायचं तिलाच असतं, नोकरी सांभाळून. केअरगिव्हरही तुमचाच क्लायंट आहे, तिची कंबर आणि तिची झोप पण विचारा. मग काम तुकड्यांत मोडा. फोडणी म्हणजे गॅस पेटवणं, तेल ओतणं, मोहरी टाकणं, ढवळणं. खुर्चीवर बसून भाजी निवडणं आणि लसूण सोलणं आजपासून, फोडणी तुमच्यासमोर डिपार्टमेंटच्या किचनमध्ये, सून बघायला हजर. तिने डोळ्यांनी बघितलं की तिचा विरोध अर्धा होतो, आणि बघूनही भीती गेली नाही तर कदाचित तिचंच बरोबर असतं.

पेशंटलाच धोक्याचं काही हवं असेल, जसं की लकव्यानंतर मोटरसायकल, तर लगेच "नाही" म्हणून दार बंद करू नका, आणि बरं वाटावं म्हणून "बघू पुढे" असंही म्हणू नका. काय काय लागतं ते एकेक करून तपासा, दोन्ही बाजूंचं दिसणं, प्रतिक्रियेचा वेग, क्लच आणि ब्रेकची ताकद. तपासणीचा निकाल त्यांच्यासमोर ठेवा. डावीकडचं दिसत नाही हे तुम्ही सांगितलेलं पटत नाही, पण कागदावरच्या डावीकडच्या खुणा स्वतःकडून सुटलेल्या बघितल्या की विचार सुरू होतो. काही पेशंटना तरीही पटत नाही कारण आजारातच स्वतःची कमतरता न कळण्याचा भाग असतो. तिथे सुरक्षिततेचा निर्णय घरचे आणि टीम मिळून घेतात, पण निवड पूर्ण काढून घेऊ नका, गाडी नाही तर मग शेतावर कोणासोबत, कधी, कशाने जायचं हे त्यांना ठरवू द्या.

बोलता न येणाऱ्या पेशंटबद्दल अनेकांचा गैरसमज असतो की त्याला काय विचारणार. अफेझियात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा अडकते तेव्हा, बऱ्याच जणांना समजतं बरंच, बोलता येत नाही. फोटो दाखवा, त्यांच्याच घरातल्या वस्तूंचे, देव्हारा, अंगण, टीव्हीचा रिमोट. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीचा, आणि थांबा. उत्तर मिळालं की उलट विचारून खात्री करा, कारण हो आणि नाही यांची अदलाबदल होते. मानसिक आजाराच्या पेशंटबाबत तर हे कायद्यानेच सांगितलंय, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रत्येक व्यक्तीला निर्णयक्षमता आहे असं धरूनच सुरुवात करतो आणि आपला प्रतिनिधी नेमायचा हक्कही देतो. वॉर्डात ग्रुप ॲक्टिव्हिटीला सगळ्यांना कागदी फुलंच करायला बसवताना हे आठवावं.

आणि एक, काही पेशंटना काही काळ भागीदार व्हायचंच नसतं. अपघात नुकताच झालाय, दुखतंय, झोप नाही, किंवा घरात मोठं काही घडलंय. तेव्हा "तुम्हीच ठरवा" म्हणणं हाही त्यांचा निर्णयच असतो. ठरवा तुम्ही, नीट सांगून करा, आणि आठवड्याभराने परत विचारा.

गर्दीच्या ओपीडीत हे कसं बसवायचं

हा प्रश्न येणारच, कारण सरकारी हॉस्पिटलला एका पेशंटला पंधरा-वीस मिनिटं मिळाली तरी खूप. सगळा दिवस पहिल्याच भेटीत विचारायचा नाही. पहिल्या भेटीत फक्त सकाळ विचारा, तेही स्ट्रेचिंग करता करता, हात तुमच्या हातात असताना माणूस जास्त मोकळा बोलतो. दुसऱ्या भेटीत दुपार-संध्याकाळ. तिसऱ्याला चिंचोके. बाहेर बाकावर थांबलेल्यांना एक कागद द्या, "या आठवड्यात कुठल्या कामाला त्रास झाला ते आठवून ठेवा," लिहिता येत नसेल तर सोबतच्याला लिहायला सांगा. एकसारख्या अडचणींचे तीन-चार पेशंट एका टेबलाशी बसवा, एकमेकांना जे सांगतात ते तुमच्यापेक्षा जास्त पटतं.

स्टेप ८: परत विचारा, आणि आकडा हलला नाही तर

चार ते सहा आठवड्यांनी तेच प्रश्न, तेच चिंचोके. आधीचा आकडा दाखवायचा की नाही यावर लोकांची मतं वेगळी आहेत. मी आधी नवीन आकडा घेते आणि मग जुना दाखवते, म्हणजे माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगत नाहीत.

आकडा वाढला तर पुढचा गोल. जमतं वाढलं पण समाधान तिथेच असेल तर काहीतरी राहून गेलंय, बहुधा काम जमतं पण वेळ फार लागतो, किंवा जमतं पण घरचे करू देत नाहीत, ते शोधा. दोन्ही हलले नसतील तर आधी गोल तपासा, पेशंटला दोष देण्याआधी. तो खरंच त्यांचा होता का, की दोन पर्यायांतून तुम्हाला खूश करायला निवडलेला? परत कालच्या दिवसापासून सुरू करा. आणि पेशंट यायचाच बंद झाला असेल तर केसपेपरवर नुसतं "डिफॉल्टर" लिहून फाईल बंद करू नका. एक फोन करा आणि का आला नाहीत असं न विचारता विचारा की सध्या घरी काय काय करताय, आणि पुढच्या वेळी यायला कुठला वार, कुठली एसटी सोयीची पडेल. जे सांगतील ते त्याच पानावर, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.